कपाटांतला जुना स्मार्टफोन



गेल्या दिवाळीच्या आवराआवरींत आमच्या कपाटांतून चार जुने स्मार्टफोन निघाले. एकाची कांच तडकलेली, दोघांना कां निवृत्त केलें होतें तें कोणासच आठवेना, आणि चौथ्याची पाठ फुगून उघडली होती. तो पैठणीच्या घडीखालीं पडला होता! पहिल्या तिघांविषयीं कुतूहल वाटलें, चौथ्याची मात्र भीति वाटली, आणि ती रास्तच होती. म्हणून आरंभ त्याच्यापासूनच करितों.

स्मार्टफोनची बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. ती जुनी झाली, वारंवार तापली किंवा सदैव पूर्ण भरलेली राहिली म्हणजे आंतील द्रव्यांचें विघटन होऊन वायु उत्पन्न होतो व ती पुरीसारखी फुगते. असा फोन चार्जरला लावूं नये, दाबूं नये, टोंचूं नये, आणि कचऱ्याच्या डब्यांत तर मुळींच टाकूं नये. कचऱ्याच्या गाडींत तो चिरडला गेला तर आग लागूं शकते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रांतच तो पोंचवावा. २०२२ सालीं जगांत सुमारे ६ कोटी २० लक्ष टन ई-कचरा झाला व त्यांपैकीं रीतसर गोळा होऊन पुनर्वापरांत गेला तो अवघा २२.३ टक्के, असें संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालांत नमूद आहे.

आतां उरलेल्या तिघांकडे वळूं. फोन जुना झाला म्हणजे वस्तुतः काय होतें? बॅटरी थकते, आणि कंपनी नवे अपडेट देणें थांबविते. परंतु त्याचा डोळा, त्याचा कान, त्याचें घड्याळ, हालचाल व चुंबकत्व ओळखणारीं त्याचीं इंद्रियें शाबूत असतात. टोफर व्हाइट या अमेरिकन अभियंत्यानें नेमकें हेंच हेरलें. टाकाऊ फोनना सौरपट्ट्या जोडून त्यानें ते सुमात्रा बेटावरील अरण्यांत उंच झाडांवर बसविले. यांत्रिक करवतीचा आवाज त्यांच्या कानीं पडला कीं रक्षकांना सूचना जावी, ही योजना. व्हिएतनामांत २०१८ पासून जुने फोन भिंगास जोडून नेत्रपटल तपासण्याचीं हातांत धरतां येतील अशीं यंत्रें बनविण्यांत आलीं. पुढें तो उपक्रम भारतांतहि आला. एस्टोनियांतील टार्टू विद्यापीठाच्या संशोधकांनीं तर २०२५ सालीं जुन्या फोनांतील बॅटऱ्या काढून, बाहेरून वीज देऊन, त्यांची लहानशी संगणकमाला रचली आणि ती पाण्याखालीं समुद्रजीव मोजण्याच्या कामीं लावून पाहिली. खर्च फोनमागें सुमारे ८ युरो.

घरांत एवढा व्याप नको. आमच्या मुलीनें पहिल्या फोनची प्रयोगशाळा केली. जर्मनींतील आखेन विद्यापीठानें २०१६ सालीं काढलेलें ‘फायफॉक्स’ नांवाचें ॲप विनामूल्य मिळतें. फोन कापडी पिशवींत घट्ट बसवून दोरीनें टांगला व हलकेच झुलविला कीं तें ॲप झोक्याचा काल सांगतें. दोरी टांगलेल्या बिंदूपासून फोनच्या मध्यापर्यंतचें अंतर मीटरमध्यें घ्यावें, त्यास ३९.५ नें गुणावें, आणि झोक्याच्या कालाच्या वर्गानें भागावें. गुरुत्वाकर्षणाचें त्वरण मिळतें. मीटरभर लांबीस झोका सुमारे २ सेकंदांचा. आमचें पहिलें उत्तर ९.८ ऐवजीं ९.१ आलें. बराच वेळ फोनला दोष दिल्यावर ध्यानांत आलें कीं, आम्हीं लांबी फोनच्या वरच्या कडेपर्यंतच मोजली होती. ती चूक सांपडल्याचा आनंद बरोबर उत्तरापेक्षां अधिक होता, हें कबूल केलें पाहिजे.

दुसरा फोन मीं आईच्या खोलींत कॅमेरा म्हणून लावूं पाहिला. कचेरींत बसून तिची विचारपूस करतां यावी, हा हेतु. आई म्हणाली, “मला पाहायचें असेल तर दारांतून डोकाव.” मीं फोन काढला. जिच्यावर नजर ठेवायची तिची संमति आधीं घ्यावी, एवढी गोष्ट मला सुचली नव्हती. आतां तोच फोन तिच्या टेबलावर उभा असतो. त्याच्या कॅमेऱ्यांतून ती वर्तमानपत्राचीं अक्षरें मोठीं करून वाचते व दुपारीं त्यावर नाट्यगीतें ऐकते.

असा फोन अष्टौप्रहर चार्जरला जोडलेला ठेवला तर त्याचीहि गति चौथ्यासारखीच व्हावयाची. म्हणून आम्हीं वेळ लावतां येणारें बटण बसवून त्यास रोज तासभरच वीज देतों, आणि तो उन्हांत वा गादीवर ठेवीत नाहीं. अपडेट बंद झालेल्या फोनमध्यें बँकेचे व पैसे देण्याचे व्यवहार ठेवूं नयेत, सिमकार्डहि काढावें.

तिसरा फोन भाच्याला द्यावयाचा ठरला. देतांना क्रम महत्त्वाचा : प्रथम छायाचित्रें उतरवून घ्यावीं, मग आपलें खातें काढावें, आणि शेवटीं सर्व मजकूर पुसावा. खातें तसेंच राहिलें तर २०१५ नंतरचे बहुतेक फोन नव्या मालकास आंत येऊंच देत नाहींत. पुसण्यापूर्वीं मीं तो एकवार उघडला, तों वडिलांच्या आवाजांतले दोन निरोप निघाले. एकांत ते येतांना कोथिंबीर आणावयास सांगत होते. ते दोन्ही उतरवून घेतले, आईला ऐकविले, आणि मग फोन पुसला.