डिलिव्हरी बॉयच्या कमाईत टिपचा वाटा किती?

वडूजहून पुण्यात जाऊन जेवणाची पार्सल पोहोचवणाऱ्याला ठरलेला पगार नसतो. ऑर्डर, अंतर आणि इन्सेंटिव्ह यांवर कमाई ठरते. टिप ही वरची भर.

टिप किती मिळते?
झोमॅटोने दिलेल्या माहितीनुसार २०२५ मध्ये टिप वगळून तासाला सरासरी १०२ रुपये मिळाले, टिप २.६ रुपये. म्हणजे दहा तासांचे २६ रुपये. त्यात जेमतेम पाव लिटर पेट्रोल येते आणि पेट्रोलचा खर्च राइडरचाच. सुमारे ५ टक्के ऑर्डरवरच टिप मिळते.

टिप पूर्ण हातात पडते का?
झोमॅटो म्हणते, पूर्ण. अमेरिकेत डोअरडॅश २०१९ पर्यंत टिप ठरलेल्या मोबदल्यातच धरत असे. त्यावरून २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १ कोटी ६७.५ लाख डॉलर देण्याचे तिने मान्य केले.

मग टिप द्यावी का?
जरूर. पण घर चालते ते ऑर्डरच्या दरावर.