रात्री अडीच वाजता पंखे का थांबले?

गणपतीपुळ्याजवळ आमची बस उभी होती. बस कसली, घरच! नात्यातल्या एका काकांनी जुनी बस विकत घेऊन तिचे फिरते घर करून घेतले होते. खाटा, ओटा, दोन पंखे, टीव्ही, सगळा थाट. "दीडशेची बॅटरी आहे, सकाळपर्यंत सहज चालेल," असे झोपताना काका म्हणाले. रात्री अडीचच्या सुमारास इन्व्हर्टर एकदा केकाटला आणि पंखे बंद! मे महिना, कोकणातला उकाडा आणि बसमध्ये आठ माणसे.

जुन्या बसला नवा जन्म देण्याची कल्पना आता नवखी राहिलेली नाही. पुण्यात २०१६ साली जुन्या बसमध्ये महिलांसाठी 'ती' स्वच्छतागृहे सुरू झाली, छतावर सौर पॅनेल लावलेली. केरळच्या एसटीने २०२० मध्ये मुन्नारच्या डेपोत पर्यटकांना बसमध्येच झोपायची सोय करून दिली. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. हौशी मालक मात्र पडदे आणि सनमायका निवडण्यात आठवडे घालवतात आणि बॅटरी-वायरिंगचे काम अर्ध्या दिवसात उरकतात.

आता काकांच्या त्या 'दीडशे'चा हिशेब पाहा. बॅटरीवर १५० अँपिअर-अवर लिहिलेले असते. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास. वीजबिलाच्या भाषेत दोन युनिटसुद्धा नाहीत! त्यातही हा आकडा बहुतेक वेळा वीस तासांत, साडेसात अँपिअरने, सावकाश वापरण्याचा असतो. घाईने ओढाल तर हाती कमी येते. शिवाय शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे भरवशाचे धरायचे ९०० वॅट-तास.

आणि आमचा खर्च? ७५ वॅटचे दोन साधे पंखे आठ तास चालले की झाले १२००. दहा-पंधरा टक्के इन्व्हर्टर स्वतःच खातो. टीव्ही आणि दिवे वेगळेच. त्यात बॅटरी दोन वर्षे वापरलेली. अडीचपर्यंत टिकली हेच नवल.

पण खरा धक्का सकाळी बसला. गावातला वायरमन आला. त्याने बॅटरी तपासण्याआधी खाटेखालची फळी उचलून वायर चाचपली. "काका, ही घरातली वायर इथे कोणी टाकली?" वायरीचे प्लास्टिक मऊ होऊन एकमेकांना चिकटले होते. त्याच खाटेवर माझ्या दोन भाच्या रात्रभर झोपल्या होत्या.

संध्याकाळी आम्ही हजार वॅटच्या विजेच्या किटलीत दोनदा चहा केला होता. घरी २३० व्होल्टवर अशी किटली साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही. पण १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढेच काम घ्यायचे, तर बॅटरी आणि इन्व्हर्टरमधल्या वायरीतून शंभरच्या आसपास अँपिअर धावतात. व्होल्ट कमी, म्हणून अँपिअर जास्त, आणि वायर तापते ती अँपिअरने. तिथे बोटाएवढी जाड तांब्याची केबलच हवी आणि तीही शक्य तेवढी आखूड.

फ्यूज तर नव्हताच. तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण फ्यूज असतो वायर वाचवायला. धावती बस सतत हादरते. पत्र्याच्या भोकातून गेलेली वायर घासत राहते. भोकात रबराची कडी नसेल तर एक दिवस तांबे पत्र्याला टेकते. गाडीचा सांगाडा सहसा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. म्हणजे सरळ शॉर्टसर्किट!

वायरमनने आणखी एक चूक दाखवली. मोठ्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. आमचे दिवे त्यातल्या एकाच बॅटरीवर घेतले होते. अशाने एक उपाशी राहते, दुसरी अतिचार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. इंजिनची बॅटरी सेल्फ मारण्यापुरती असते. रात्रभराच्या कामाला ट्युब्युलर बॅटरी वेगळी हवी. तीही खाटेखाली कोंडून नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हवा बाहेर जाणारी पेटी हवी. लिथियमची बॅटरी हलकी असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, मात्र महाग आणि तिचा चार्जरही तिच्याजोगता लागतो. (आणि हो, बसमधल्या या बदलांना आरटीओची परवानगी लागते, हे काकांना ठाऊक होते. कागद तेवढे चोख!)

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा निघालो. बॅटरीची पेटी आता बाहेरच्या बाजूला होती, केबल जाड होती आणि पंखे तीस वॅटचे होते. आठ तासांचे दोन्ही पंख्यांचे मिळून ४८० वॅट-तास. किटली घरीच ठेवली होती. टीव्ही मात्र काकूंनी दहाच्या ठोक्याला बंद केला, ऐन मॅच रंगात आलेली असताना.