सुगम लेखनाचे मोजमाप

लिहिता येणे निराळे आणि वाचणाऱ्याला कळेल असे लिहिणे निराळे. आमचे जूचंद्र गाव रांगोळीसाठी प्रसिद्ध आहे. येथे काढलेले रांगोळीचे चित्र पाहणाऱ्याला उमगले नाही, तर कोणी पाहणाऱ्याला दोष देत नाही. सरकारी नोटीस कळली नाही, की मात्र आपण स्वतःलाच अडाणी ठरवतो. हा न्याय उलटा आहे.

मजकूर किती सुगम आहे, हे मोजता येते काय? रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली इंग्रजीसाठी एक सूत्र मांडले. वाक्यात सरासरी किती शब्द आहेत आणि उच्चारताना शब्दाचे किती तुकडे पडतात, यांवरून ते गुण देते. गुण जितके अधिक, तितका मजकूर सोपा.

हे माप मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाही. आपण प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितो. ‘घरासमोरच्या’ हा सहा अक्षरी शब्द लहान मुलालाही कळतो. ‘अन्वये’ हा तीन अक्षरी, पण तेथे मोठी माणसे अडतात. शब्दाची लांबी अशी फसवी आहे. वाक्याची लांबी मात्र फसवत नाही. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. तोवर वाचकाला सारे ओझे डोक्यावर वागवावे लागते.

नोटिशीच्या भाषेचा एक नमुना मी जुळवला आहे : ‘उपरोक्त विषयान्वये सूचित करण्यात येते की, सदर जमिनीबाबत हरकत असल्यास ती विहित मुदतीत लेखी स्वरूपात सादर करण्यात यावी, अन्यथा तिचा विचार केला जाणार नाही.’ चोवीस शब्द, आणि मुदत किती ते नाहीच! आता हे पाहा : ‘या जमिनीबाबत तुमची हरकत आहे काय? असल्यास ६० दिवसांच्या आत लेखी कळवा. त्यानंतर आलेल्या हरकतीचा विचार होणार नाही.’ सहा-सहा शब्दांची तीन वाक्ये.

साठ दिवस मी उगाच घातलेले नाहीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीसाठी तेवढेच दिवस आहेत. अर्थ लावण्यातच ते सरले, तर शेतकऱ्याची बोलण्याची संधी जाते. १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली. पण कागद मराठीत असला म्हणजे तो कळेलच असे नाही.

सूत्राहून खात्रीची एक कसोटी प्रत्येकाच्या हाती आहे. लिहिलेला कागद शेजारच्या काकांना वाचायला द्यावा. ‘कळले का?’ असे विचारू नये. भिडेखातर माणूस ‘हो’ म्हणतो. ‘आता तुम्ही काय करणार?’ असे विचारावे. उत्तर चुकले, तर काकांना समजावत बसू नये; कागद पुन्हा लिहावा.