‘माबोरोशी’ : चेहरा न दाखवता दाखवलेलं दुःख

जपानी दिग्दर्शक हिरोकाझु कोरे-एदा म्हटलं की बहुतेकांना ‘शॉपलिफ्टर्स’ आठवतो. पण त्यांचा पहिला कथापट, १९९५ सालचा ‘माबोरोशी’, आवर्जून बघा.

ओसाकात राहणारी युमिको. पदरात तान्हं मूल. चांगला हसताखेळता नवरा एका रात्री रेल्वे रुळांवरून चालत जातो आणि गाडीखाली सापडतो. का? कुणालाच ठाऊक नाही. काही वर्षांनी ती दुसरं लग्न करून नोतो द्वीपकल्पावरच्या समुद्रकाठच्या गावी येते. माणसं प्रेमळ आहेत, संसार नीट चाललाय, पण तो ‘का’ काही तिची पाठ सोडत नाही.

छायाचित्रकार मासाओ नाकाबोरी यांनी भर दिला तो नैसर्गिक प्रकाशावर. क्लोज-अप जवळपास नाहीतच. युमिको बहुतेक वेळा लांबवर, अर्धवट अंधारात दिसते. रडणारा चेहरा दाखवणं सोपं होतं, ते टाळलंय, म्हणून तिचं एकटेपण जास्त लागतं. किनाऱ्यावरून जाणाऱ्या अंत्ययात्रेचं दृश्य तर केवळ अप्रतिम! आभाळ, समुद्र आणि मुंगीएवढी माणसं, बराच वेळ कटच नाही.

मोबाइलवर मात्र बघू नका. या अंधारातले बारकावे तिथे दिसणारच नाहीत.