ट्रकच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा येतो-जातो? बॅटरी बदलण्याआधी हे वाचा

रात्रीचे साडेदहा. शहागंजच्या बाजारात माल उतरवून एक ट्रक घड्याळाच्या मनोऱ्याजवळून निघतो. चौकातल्या गर्दीत गाडी रेंगाळते आणि डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र उजळतं. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, दिवा जातो. जालना रोडला लागेपर्यंत काहीच नाही. मग एका स्पीडब्रेकरवर परत लुकलुक. सकाळी मिस्त्रीकडे गाडी नेली की दिवा गप्प. मिस्त्री म्हणतो, "उस्ताद, सगळं बरोबर आहे." आणि तिसऱ्या दिवशी परत तेच.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी ट्रक किंवा पिकअप चालवणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी नवीन बॅटरी घेतात. ट्रकला दोन बॅटऱ्या लागतात, म्हणजे खर्चही दुप्पट. आणि बऱ्याचदा दिवा तरीही येतच राहतो. असं का होतं?

हा दिवा बॅटरीचा नाहीच

चित्र बॅटरीचं असलं तरी हा दिवा सांगतो ते चार्जिंगबद्दल. गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करण्याचं काम अल्टरनेटर करतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला आजही 'डायनमो' म्हणतात. जुन्या गाड्यांत खरोखर डायनमो असायचा. तो जाऊन अल्टरनेटर आला, पण नाव तेच राहिलं.

पारंपरिक जोडणीत या दिव्याचं एक टोक चावीच्या स्विचला आणि दुसरं टोक अल्टरनेटरच्या 'डी प्लस' नावाच्या पॉइंटला असतं. चावी ऑन केली, इंजिन बंद आहे, तेव्हा एका बाजूला करंट आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. म्हणून दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरही तेवढाच व्होल्टेज देऊ लागतो. दोन्ही टोकं समान झाली की दिवा विझतो.

म्हणजे हा दिवा एक तराजू आहे. दोन्ही पारडी समान असतील तर गप्प, फरक पडला की पेटतो. फरक मोठा असेल तर लख्ख, थोडा असेल तर मिणमिणता. नव्या गाड्यांत हा निर्णय कंट्रोल युनिट घेतं, पण मूळ प्रश्न तोच असतो : चार्जिंग होतंय की नाही?

पहिली तपासणी : चावी ऑन, इंजिन बंद

या वेळी दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब गेलाय, फ्यूज उडालाय किंवा डी प्लसची वायर तुटलीये. काही गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. त्यामुळे बल्ब गेला तर चार्जिंगही सुरू न होण्याची शक्यता असते.

दिवा नेमका कधी येतो?

येणारा-जाणारा फॉल्ट गॅरेजमध्ये सापडत नाही, कारण तिथे गाडी थंड असते आणि उभी असते. त्यामुळे सगळ्यात मोठा पुरावा ड्रायव्हरकडेच असतो. दिवा कधी आला हे दोन-चार दिवस वहीत लिहून ठेवलं, तर निम्मं काम होतं.

पावसात किंवा हेडलाइट-वायपर एकत्र लावल्यावर येतो, सोबत किरकिर आवाज होतो : पट्टा घसरतोय. तो सैल झालाय, गुळगुळीत झालाय किंवा टेन्शनर कमजोर आहे.

खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर येतो : कुठेतरी जोड सैल आहे. बॅटरीचे टर्मिनल, अल्टरनेटरमागचं सॉकेट, इंजिन आणि चेसिसमधली अर्थिंगची पट्टी आधी पाहावी.

गाडी तापल्यावर, उन्हात तासाभराने येतो : रेग्युलेटर, म्हणजे जुन्या भाषेत 'कटआउट', किंवा आतला डायोड गरम झाल्यावर साथ सोडतोय.

आयडलिंगला येतो, रेस केल्यावर जातो : झिजलेले कार्बन ब्रश किंवा सैल पट्टा.

अंधारात मंद लुकलुकतो, पूर्ण पेटत नाही : डायोड खराब आहे किंवा एखाद्या वायरमध्ये व्होल्टेज गळतोय.

मीटर लावा, अंदाज थांबवा

यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. गाडी काही तास बंद असताना चांगल्या चार्ज झालेल्या बॅटऱ्यांवर साधारण २५.२ व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसतात. इंजिन चालू केल्यावर हा आकडा साधारण २७.५ ते २८.५ च्या आसपास जायला हवा. १२ व्होल्टच्या पिकअपमध्ये हेच आकडे १२.६ आणि १३.८ ते १४.५ असे असतात. नेमके आकडे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतात.

आता खरी युक्ती. डॅशबोर्डवर छोटा डिजिटल व्होल्टमीटर कायमचा बसवून घ्या. दिवा येईल त्या क्षणी आकडा क्लीनरला वाचायला सांगा. त्यावरून रस्ता ठरतो.

आकडा २८ वरच आहे, तरी दिवा आला : चार्जिंग होतंय. दोष बहुधा दिव्याच्या वायरिंगमध्ये, डी प्लसच्या जोडात किंवा डायोडमध्ये आहे.

आकडा २५ किंवा त्याखाली घसरला : चार्जिंग खरंच थांबतंय. पट्टा, ब्रश, रेग्युलेटर, मुख्य केबल या क्रमाने पाहा.

आकडा २९-३० च्या वर गेला : रेग्युलेटर जास्त चार्ज देतोय. बल्ब उडतील, बॅटरीचं पाणी उकळेल.

दुसऱ्या प्रकारात आणखी एक मोजमाप घ्यावं. इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून आधी अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर आणि मग बॅटरीच्या प्लसवर व्होल्टेज बघा. अल्टरनेटरवर २८ आणि बॅटरीवर २६ असेल, तर अल्टरनेटर निर्दोष आहे. दोन व्होल्ट मधल्या केबलमध्ये किंवा जोडात हरवतायत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक संशयास्पद समजावा. अर्थिंगच्या बाजूनेही असंच मोजावं. टर्मिनलवर साचलेला पांढरट-हिरवट बुरा साफ केल्याने बरं झालेलं दुखणं असेल, तर नव्या अल्टरनेटरचा खर्च वाचतो.

दोन खास देशी कारणं

पहिलं : मोबाइल चार्जर आणि टेप चालवायला अनेक जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतात. ती बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. काही महिन्यांत दोन्ही जातात. यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावावा.

दुसरं : काही डिझेल पिकअप आणि छोट्या गाड्यांत ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. त्याला इंजिनचं ऑइल लागतं. सील गेली की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं, ब्रश ऑइलने माखतात आणि दिवा येऊ-जाऊ लागतो. इथे फक्त ब्रश बदलून भागत नाही, आधी सील बदलावी लागते. आणि अशा गाडीचा पट्टा तुटला तर चार्जिंगसोबत ब्रेकचा जोरही कमी होतो.

हे अजिबात करू नका

'डायनमो चेक करायचा' म्हणून चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढण्याची पद्धत जुनी आहे. केबल काढताच व्होल्टेज अचानक उसळतो. जुन्या गाड्या कधीकधी ते सहन करायच्या. आता गाडीत कंट्रोल युनिट असतं, ते एका झटक्यात जळू शकतं.

दिवा आला आणि गाडी चालतेय, मग काय बिघडतं?

जुन्या पद्धतीचा पंप असलेलं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की स्पार्कशिवाय चालतं. त्यामुळे ड्रायव्हरला वाटतं, पोहोचू की. पण १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. या गाड्यांत इंजेक्शनपासून धूर साफ करणाऱ्या यंत्रणेपर्यंत सगळं विजेवर चालतं. व्होल्टेज पडला की आधी चुकीचे इशारे येतात, मग पॉवर कमी होते, शेवटी गाडी उभी राहते.

हिशोब सोपा आहे. हेडलाइट, टेललाइट, वायपर मिळून २४० वॉट धरले तर २४ व्होल्टवर १० ॲम्पियर जातात. १०० ॲम्पियर-तासाच्या नव्याकोऱ्या बॅटऱ्या कागदावर १० तास पुरतील. जुन्या बॅटऱ्यांवर त्यातले निम्मेही मिळतील याची खात्री नाही. आणि आधी मंद होतात ते दिवे.

खरा धोका इथे आहे. शहराजवळून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळला आणि १२ जणांचा जीव गेला. त्या अपघाताचा बॅटरीशी संबंध नव्हता. पण वेगवान रस्त्यावर मागून येणाऱ्याला पुढची गाडी वेळेत दिसली नाही तर काय होतं, हे त्यातून कळतं. टेललाइट विझलेला उभा ट्रक तर आणखी उशिरा दिसतो.

म्हणून रस्त्यात दिवा लागला आणि विझेना, तर एसी, टेप, चार्जर बंद करा. हेडलाइट मात्र बंद करू नका. लगेच तापमानाचा काटा बघा. अनेक इंजिनांत एकाच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. काटा चढत असेल तर पट्टा तुटलाय, इंजिन तिथेच बंद करा. काटा ठीक असेल तर जवळच्या पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर गाडी घ्या. रस्त्याकडेला थांबावंच लागलं तर गाडी पूर्ण डावीकडे, हॅझर्ड चालू, मागे लांबवर रिफ्लेक्टरचा त्रिकोण, आणि माणसं गाडीपासून दूर. गरज पडल्यास ११२ ला फोन.

थोडक्यात काय, तर दिवा आपोआप गेला म्हणून दोष गेला असं होत नाही. वही आणि मीटर दोन-चार दिवस सोबत ठेवा. मग मिस्त्रीकडे गेल्यावर 'दिवा येतो-जातो' असं सांगण्याऐवजी 'गाडी तापल्यावर आकडा २८ वरून २५ वर येतो' असं सांगता येईल. शोध तिथून सुरू झाला, तर बॅटरीचे पैसे वाया जाणार नाहीत.