सायकल तिची, लक्ष आपलं



२०२२ च्या जून महिन्यात पुण्याच्या प्रीती मस्के यांनी लेह ते मनाली हा सुमारे ४३० किलोमीटरचा डोंगरी रस्ता सायकलवर पार केला. ५५ तास १३ मिनिटं लागली आणि गिनीज बुकात नोंद झाली. पेडल त्यांनी एकटीनं मारलं. पण सोबत गाडी होती, मदतीची माणसं होती, आणि हा रस्ता बांधणाऱ्या सीमा रस्ते संघटनेचंही सहकार्य होतं. आज आपण त्या सोबतीविषयी बोलू. उद्या आपल्या गावची मुलगी अशा रस्त्यावर निघाली, तर बरोबर जाणाऱ्यांनी काय काय सांभाळायचं?

आधी रस्ता समजून घेऊ. लेहच साडेतीन हजार मीटर उंच आहे. तिथून पुढे तंगलांग ला ही खिंड लागते. ‘ला’ म्हणजे खिंड. तिची उंची सुमारे ५,३०० मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटरची. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तिथवर पोचत नाहीत. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, श्वासातून मिळणारा प्राणवायू जवळपास निम्मा होतो. त्यात थंडी, वारा, आणि मैलोन् मैल फोनला रेंज नाही.

म्हणून पहिलं काम निघण्याआधीचं. लेहला पोचल्यावर निदान दोन-तीन दिवस शरीराला हवेची सवय होऊ द्यायची. हे सायकल चालवणारीला जितकं लागू, तितकंच गाडीतल्यांनाही. सोबतीणच आजारी पडली तर सांभाळणार कोण?

दुसरं काम वहीचं. गटाच्या वहीत आपण प्रत्येकीची बचत लिहितो, तशी इथेही नोंद ठेवायची: किती वाजता किती पाणी प्यायली, काय खाल्लं, लघवीला कधी गेली. उंचावर भूक मरते, तहान कळत नाही. तिला विचारलं तर ती ‘मी बरी आहे’ म्हणेल. वही खरं सांगते. गूळ-शेंगदाणे, चिक्की, साखर-मिठाचं पाणी थोड्या थोड्या वेळानं हातात द्यायचं. बर्फ वितळून ओढे दुपारी फुगतात, त्यामुळे ते सकाळी ओलांडता येतील असं वेळापत्रक ठेवायचं. रात्री गाडी मागे ठेवून तिला उजेड द्यायचा.

तिसरं काम सगळ्यात अवघड: थांबवणं. डोकं दुखणं, मळमळ, उलटी ही पहिली खूण. ही दिसली की आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं, सरळ रेषेत पावलं टाकता आली नाहीत, तर जिवाला धोका आहे. प्राणवायू द्यायचा आणि लगेच खाली न्यायचं. सकाळ होण्याची वाट पाहायची नाही.

पण खाली न्यायचं तरी कुठे? तंगलांग ला ओलांडण्याआधी मागे फिरलं, तर रस्ता सरळ खाली उपशीकडे जातो. ओलांडून पुढे पांगपर्यंत गेलं, की एका बाजूला तंगलांग ला, दुसऱ्या बाजूला लाचुंग ला. दोन्हीकडे आधी चढावंच लागतं. म्हणून तब्येत नीट तपासायची ती खिंड चढण्याआधी.

उंचीवर आधी विचारशक्ती मंदावते, आणि तेच तिला कळत नाही. शिवाय महिनोन् महिने घाम गाळलेला असतो; ‘थांब’ म्हटलं की ती चिडेल, रडेल. त्यामुळे लेहमध्येच, डोकं शांत असताना, सगळ्यांसमोर ठरवून वहीत लिहायचं: थांबायचं कुणी सांगायचं, आणि तिनं सांगितलं की वाद घालायचा नाही. त्याखाली सायकल चालवणारीची सही घ्यायची.

विक्रम पुढच्या वर्षीही करता येतो. मुलगी घरी परत आली पाहिजे.