नव्या ब्रेक पॅडचा चिरका आवाज

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या एका अडत्यांनी आपल्या मोटारीचे पुढील ब्रेक पॅड बदलून घेतले. जुने पॅड झिजून पातळ झाले होते आणि चार दिवसांनी सहकुटुंब आंबा घाट उतरून रत्नागिरीला लग्नास जावयाचे होते. गॅरेजमधून गाडी बाहेर पडली आणि पहिल्याच सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवताच ती अशी किंचाळली की शेजारच्या रिक्षावाल्यानेही मान वळवून पाहिले. घरी पोहोचेपर्यंत हाच प्रकार चालू राहिला. झिजलेले पॅड गप्प होते आणि नवे मात्र ओरडतात, मग पैसे मोजले ते कशाचे, असा प्रश्न त्यांना पडणे स्वाभाविक होते.

गॅरेजवाल्याला फोन केला तेव्हा उत्तर आले, “शेठ, पॅड नवे आहेत, बसतील हळूहळू.” शेजारच्या गाळ्यातील व्यापाऱ्यांनी माल बनावट असणार असे सांगून दुसरे पॅड टाकण्याचा सल्ला दिला. मुलाने कुठेसा ऐकलेला उपाय सुचविला, “अण्णा, पॅडला थोडे ग्रीस लावले की आवाज बंद होतो म्हणे.” या तीन सल्ल्यांपैकी पहिला अर्धवट होता, दुसरा घाईचा होता आणि तिसरा सरळ अपघाताला निमंत्रण देणारा होता.

आवाज येतो कोठून?

चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या भागास कॅलिपर म्हणतात. ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने पॅड डिस्कला आवळतात आणि घर्षणाने गाडीच्या गतीची उष्णता होते. या वेळी पॅड डिस्कवर अगदी एकसारखा सरकत नाही. तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. सारंगीच्या तारेवर गज फिरताना हेच घडते. पॅडला किंवा कॅलिपरला हलण्यास जागा मिळाली की सर्व भाग मिळून सेकंदाला हजाराहून अधिक वेळा थरथरू लागतात आणि तोच थरथराट कानाला चिरका आवाज म्हणून ऐकू येतो. गाडी उत्तम थांबत असतानाही ती ओरडू शकते, याचे कारण हेच.

ही तक्रार डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात तांब्याचे अस्तर होते आणि धातूवर धातू घासल्याने त्याचा कर्कश आवाज होत असे. आजही ज्या पॅडच्या मिश्रणात धातूचे प्रमाण अधिक, ते तुलनेने जास्त आवाज करतात आणि सिरॅमिक पॅड बहुधा शांत असतात.

नव्या पॅडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. जुन्या पॅडने डिस्कवर आपल्या मापाच्या रेघा पाडलेल्या असतात. नवा पॅड सपाट, त्याच्या कडा धारदार. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी जुळेपर्यंत तो मोजक्याच ठिकाणी टेकतो व कुरकुरतो. ‘बसतील हळूहळू’ या उत्तरात एवढा तथ्यांश निश्चित होता.

चाक उघडल्यावर

लग्नाला दोन दिवस उरले असता अडत्यांनी गाडी शिवाजी उद्यमनगरातील एका वयस्क मिस्त्रींना दाखविली. त्यांनी पाना हाती घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, “ब्रेक दाबल्यावर ओरडते, की न दाबताही?” हा प्रश्न प्रत्येक वाहनधारकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दाबल्यावरच आवाज येत असेल तर तो बहुधा थरथराटाचा असतो. न दाबताही येत असेल, तर डिस्कमागचा पत्रा वाकून घासत असतो, खडा अडकलेला असतो, किंवा कॅलिपर अडकून पॅड मोकळा होत नसतो. अनेक पॅडना झिजेची सूचना देणारी एक छोटी पट्टी असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासून ओरडते. नवा पॅड बसविताना ही पट्टी वाकली तरी तसाच आवाज येतो.

चाक उघडल्यावर निदान झाले. पॅड चांगले होते. मात्र पॅडच्या पाठीवर बसणारे पातळ पत्रे, ज्यांना शिम म्हणतात आणि ज्यांचे कामच थरथराट शोषून घेणे हे असते, ते जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात गेले होते. कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्यांतील एक कोरडी पडून जाम झाली होती, आणि पॅड ज्या खाचेत बसतात तेथे गंज तसाच होता.

मिस्त्रींनी ब्रेक क्लीनर मारून व तारेच्या ब्रशने खाचा स्वच्छ केल्या. ब्रेकची धूळ त्यांनी हवेने उडविली नाही, कारण ती श्वासावाटे आत जाणे आरोग्यास घातक असते. पिनांना उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसने तेथील रबर फुगते. नवे शिम बसवून पॅडच्या पाठीवर व कानांवर ब्रेकसाठीच्या ग्रीसचा पातळ हात दिला. डिस्कची जाडी मोजली. डिस्कवरच किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून न वापरता बदलावीच लागते.

ग्रीसचा डबा पाहून मुलाने आपल्या उपायाची आठवण करून दिली. मिस्त्री म्हणाले, “पाठीला लावले ते औषध, तोंडाला लावले तर विष.” पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीस लागले तर ते आत मुरते, घर्षण घटते आणि आवाजाबरोबर ब्रेकही जातो. एकाच चाकाला लागले तर जोरात ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढली जाते. घाटात याचा अर्थ काय होतो, ते सांगावयास नको. असे पॅड पुसून चालत नाहीत, दोन्ही चाकांचे एकदम बदलावे लागतात.

पॅड ‘बसविणे’ म्हणजे काय?

गाडी हलविण्यापूर्वी मिस्त्रींनी ब्रेकचे पेडल घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबून घेतले. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून हे न करता गाडी काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही. मग पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगावरून वीसपर्यंत, मध्यम दाबाने, गाडी पूर्ण न थांबवता आठ-दहा वेळा ब्रेक लावले. प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर ठेवले आणि अखेरीस शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून चाके थंड होऊ दिली. यामुळे पॅडचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. पॅडच्या खोक्यावर कंपनीने वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळावी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर अकारण जोराचे ब्रेक टाळावेत.

परतताना आवाज राहिला नव्हता. दोन दिवसांनी आंबा घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये उतरली, ब्रेक गरजेपुरतेच लागले.

काही आवाज मात्र निरुपद्रवी असतात. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा हलका थर चढतो आणि सकाळचे पहिले चार-पाच ब्रेक करकरतात, ते आपोआप थांबते. याउलट लोखंड खरवडल्यासारखा आवाज, खोल जाणारे पेडल, एका बाजूस ओढणारी गाडी, ब्रेक लावताना थरथरणारे स्टिअरिंग किंवा चाकाजवळ जळका वास, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी गाडी दाखवावी.

पुढच्या खेपेस मागचे पॅड बदलताना ते अडते दुकान मुलावर सोपवून स्वतः गॅरेजमध्ये उभे राहिले. जुने पॅड निघताच त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती किमतीची नव्हती. “पाठीवरचे पत्रे कोठे आहेत?” एवढेच त्यांनी विचारले.